गॅरेज डोअर ओपनर, आठ महिन्यांनंतर: शिव्या चुकीच्या माणसाला घातल्या

गॅरेजचं दार मोटरने उघडबंद करणारा हा ओपनर सप्टेंबरमधे घेतला, आता मे चालू आहे. घेतल्या घेतल्या लिहिणार होते पण राहून गेलं ते बरंच झालं, कारण तेव्हा लिहिलं असतं तर पाच स्टार दिले असते आणि जानेवारीत लिहिलं असतं तर एक, तोही रागारागात.

आम्ही शिकागोच्या पश्चिमेकडच्या सबर्बमधे राहतो, घर 2014 चं, दोन गाड्यांसाठी एकच मोठं दार, 16 फूट बाय 7 फूट. जुना चेनवाला ओपनर चालू झाला की पिठाची गिरणी सुरू झाल्यासारखं वाटायचं आणि गॅरेजच्या बरोबर वर गेस्ट रूम. आई-बाबा नोव्हेंबर ते एप्रिल येणार होते (हो, भर थंडीत, बाबांना बर्फ बघायचा होता), म्हणून बेल्टवाला घेतला, वायफाय आणि बॅटरी बॅकअपसकट. कंपनीचं नाव लिहीत नाही, या किमतीतले सगळे साधारण सारखेच आहेत आणि मला जे सांगायचंय ते कुठल्याही ओपनरला लागू आहे.

बसवायला मी आणि नवरा, एक अख्खा शनिवार. बॉक्सवर तीनचार तास लिहिलं होतं, आम्हाला सात लागले, त्यातला एक तास भांडणात. पण जमतं, खरंच जमतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. आवाज इतका कमी की पहिले दोन दिवस दार बंद झालं की नाही ते बघायला मी खाली जायचे.

मग बारीकसारीक कटकटी सुरू झाल्या. ऑक्टोबरमधे संध्याकाळी पाचच्या सुमाराला दार अर्ध्यावर यायचं आणि परत वर जायचं, दिवा दहा वेळा मिचकवायचा. सकाळी मात्र एकदम शहाण्यासारखं वागायचं. चार दिवस डोकं खाजवलं. दाराच्या दोन बाजूंना जमिनीपासून सहा इंचाच्या आत ते दोन डोळे असतात ना, सेन्सर, त्यातल्या एकावर मावळतीचं ऊन सरळ पडत होतं. टॉयलेट पेपरच्या आतली पुठ्ठ्याची नळी कापून त्याच्यावर टोपीसारखी बसवली, प्रॉब्लेम संपला. अजून तीच आहे, दिसायला भिकार दिसते पण चालते. काही लोक वैतागून दोन्ही सेन्सर काढून छताजवळ समोरासमोर चिकटवून टाकतात, तसलं काही करू नका, दाराखाली पोर किंवा मांजर आलं तर दार मागे फिरावं यासाठी ते आहेत, 1993 पासून इथे तशी व्यवस्था असल्याशिवाय घरगुती ओपनर बनवताच येत नाही.

दुसरं, रिमोटची रेंज अचानक कमी झाली, दाराला नाक लावल्याशिवाय उघडेना. कारण काय, तर ओपनरमधे मी साधा एलईडी बल्ब लावला होता, तो सिग्नलमधे लुडबुड करतो. गॅरेज ओपनरसाठीचा वेगळा बल्ब मिळतो, तो लावला. आणि एकदा सगळे रिमोट मेले, बॅटऱ्या बदलल्या, मॅन्युअल काढलं, नवऱ्याला मीटिंगमधून बाहेर बोलावलं, शेवटी कळलं की आमच्या चिरंजीवांनी भिंतीवरच्या पॅनलचं लॉकचं बटण दाबून ठेवलं होतं. यातलं काही झालं तर कुणाला बोलावू नका, उगाच नुसत्या व्हिजिटचे पैसे घालवाल.

डिसेंबरमधे एकदा दार फरशीला चिकटलं. खालच्या रबरापाशी पाणी साचून गोठलं होतं. आपण काय करतो, परत परत बटण दाबतो, ते करायचं नाही, रबर फाटतं नाहीतर ओपनरचा गियर तरी जातो. हेअर ड्रायर फिरवला, प्लास्टिकच्या उलथन्याने कडेकडेने सोडवलं, नंतर रबर पुसून त्याला सिलिकॉन स्प्रे मारला. परत चिकटलं नाही.

आता जानेवारी. बाहेर उणे 18, पहाटे साडेपाचला गॅरेजमधून असा आवाज आला की आईला वाटलं सिलेंडर फुटला (इथे सिलेंडर नसतो, पण झोपेत माणूस कराडातच असतो). खाली जाऊन बघितलं तर काहीच नाही, सगळं जागच्या जागी. सात वाजता ऑफिसला निघाले, बटण दाबलं, ओपनर घुंऽऽ केला, दार वीतभर उचललं आणि थांबलं. परत दाबलं, परत तेच. पाचसहा वेळा दाबलं असेल. नवरा टूरवर, माझी नऊची मीटिंग, गाडी आत. चार महिन्यांत मोटर गेली म्हणून मी तिथेच उभ्याउभ्या फोनवर एक स्टारचा रिव्ह्यू टाईप करायला घेतला होता, खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात बाबा आले, माकडटोपी, त्यावर माझ्या नवऱ्याचं जॅकेट, हातात चहा. दोन मिनिटं काही बोलले नाहीत. मग मोबाईलचा टॉर्च दाराच्या वरच्या दांड्यावर मारला आणि म्हणाले, "अगं, मोटरला कशाला शिव्या देतेस, स्प्रिंग तुटलीय बघ." खरंच, दांड्यावर दोन जाड स्प्रिंगा असतात, त्यातल्या डावीकडच्या स्प्रिंगमधे मधोमध दोन बोटांची फट. पहाटेचा तो आवाज हाच.

बाबांचं कराडला तीस वर्षं स्टेशनरीचं दुकान होतं. शटर रोज दोनदा वर, दोनदा खाली. म्हणाले, शटर जड लागायला लागलं की समजायचं स्प्रिंग गेली, हात दुखतोय असं समजायचं नाही. हे मला चार महिने मॅन्युअल वाचून कळलं नव्हतं, की दार उचलतो तो ओपनर नाहीच. आमचं दार 70-80 किलोचं असेल, ते सगळं वजन पिळलेल्या स्प्रिंगा पेलतात, मोटर फक्त ढकलते. म्हणून तर एवढीशी मोटर पुरते. साध्या स्प्रिंगचं आयुष्य साधारण 10,000 वेळा उघडबंद इतकं धरतात, दिवसाला तीन वेळा म्हटलं तर नऊएक वर्षं, आमच्या तर मूळच्याच होत्या, त्यांनी इतके दिवस काढले हेच खूप.

मी लगेच व्हिडिओ लावला. एक माणूस वीस मिनिटांत स्प्रिंगमधे दोन सळ्या घालून ती पिळतो, इतकं सोपं दिसतं की मी स्प्रिंग ऑर्डर करायलाच बसले. आणि आमचे बाबा, जे मिक्सरपासून कमोडपर्यंत सगळं स्वतः उघडतात आणि मग दोन स्क्रू उरवतात, ते म्हणाले, "हात लावायचा नाही." दुकानाच्या शटरच्या स्प्रिंगला पीळ देताना तिथल्या पोराच्या हातून सळई सुटली होती, मनगट गेलं त्याचं, बाबा शेजारीच उभे होते. पुढे काही बोलले नाहीत, मीपण लॅपटॉप मिटला. गाडीपण काढली नाही, 75 वर्षांच्या माणसाबरोबर तेवढं दार उचलायचं म्हणजे वेडेपणाच. मीटिंग घरून केली.

यात एक गोष्ट लक्षात ठेवा. ओपनरला लाल दोरी असते, ती ओढली की दार मोटरपासून सुटं होतं. दार पूर्ण खाली असेल तर ठीक. पण दार वर असताना स्प्रिंग तुटली असेल आणि तुम्ही दोरी ओढली तर अख्खं दार धाडकन खाली येणार. तेव्हा दोरीला हात लावायचा नाही, खालून माणसं आणि पोरं हटवायची आणि फोन करायचा.

फोन कुणाला, हाही अनुभवच. पहिल्या जाहिरातीवाल्याचा 29 डॉलरमधे व्हिजिट, आला आणि दहा मिनिटांत सांगितलं की स्प्रिंगा, केबल, रोलर, दांडा सगळं बदलायला लागेल, 1,400 डॉलर, आणि आजच ठरवा. पाठवून दिला. मग शेजारच्या काकूंनी त्यांचा माणूस दिला. त्याने आधी तारेची जाडी, आतला व्यास, लांबी मोजली, दोन्ही स्प्रिंगा बदला म्हणाला (एक तुटली म्हणजे दुसरीही त्याच वयाची, हे पटलं), 380 डॉलर, पाऊण तासात काम. बाबा पूर्ण वेळ पायरीवर बसून बघत होते. 7 फुटी दाराला साधारण साडेसात आटे, प्रत्येक चतकोर फेऱ्याला एक सळई घालायची मग दुसरी काढायची, आणि तोंड कधीच सळईच्या रेषेत नाही. स्क्रू ड्रायव्हर घालून पिळणारे लोक मी व्हिडिओत बघितलेत, त्याला सांगितलं तर तो नुसता हसला.

जाताना त्याने एक टेस्ट दाखवली ती दर तीन महिन्यांनी करते. दार खाली असताना लाल दोरी ओढायची, हाताने दार अर्ध्यावर नेऊन सोडायचं. तिथेच थांबलं तर स्प्रिंगा ठीक. खाली घसरलं किंवा आपोआप वर गेलं तर त्याला फोन. बिजागऱ्या, रोलरचे बेअरिंग, स्प्रिंगा यांना गॅरेज डोअरचं ल्युब्रिकंट मारते, ट्रॅकला नाही, ट्रॅक नुसता पुसते. सैल बोल्ट आवळते. पण स्प्रिंग, केबल आणि दाराच्या खालच्या कोपऱ्यातली ब्रॅकेट, जिला केबल अडकवलेली असते, तिघांनाही हात लावत नाही. दार ट्रॅकमधून निसटलं तरी नाही.

तर ओपनर कसा आहे? चांगला आहे. नव्या स्प्रिंगांनंतर तर अजूनच शांत. मार्चच्या वादळात दोन तास लाईट गेली होती तेव्हा बॅटरीवर चारपाच वेळा आरामात उघडला. (कॅलिफोर्नियात 2019 पासून नव्या ओपनरला बॅटरी बॅकअप सक्तीचा आहे, वणव्यात लाईट जाऊन लोक गॅरेजमधे अडकले म्हणून.) चार स्टार. एक कापला तो ॲपसाठी, ओपनरच्या कॅमेऱ्याचं जुनं रेकॉर्डिंग बघायला दर महिन्याला पैसे मागतं, आणि रात्री तीनला "दार बंद आहे" असं नोटिफिकेशन पाठवतं. बंद आहे तर सांगतोस कशाला बाबा. सेटिंगमधे सगळं ऑफ केलंय तरी येतं, कुणाला जमलं असेल तर सांगा.