नवी दहा टायर, ६४ हजार किलोमीटर: कुंभार्ली घाटात थांबली तेव्हापासून आजपर्यंत

गाडी म्हणजे २८ टनी ट्रक, दहा टायर, बीएस-६ (धुराच्या नव्या नियमातली). २०२५ च्या अक्षय तृतीयेला घेतली. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण वर्कशॉपबरोबरचा हिशेब अजून पुरता मिटलेला नाही. इंजिन किती लिटरचं, गिअर किती, टाकी केवढी हे गाडी बघायला निघालेल्या माणसाला पाठ असतं, त्यात वेळ घालवत नाही. घरी दुसरी गाडी आहे ती २००९ चं मॉडेल, २५ टनी, पंपाची, म्हणजे कॉम्प्युटरशिवाय साध्या डिझेल पंपावर चालणारी. तिच्यावर मी बारा वर्षं बसलो. नवीवर मी आणि पुतण्या पाळीपाळीनं असतो. कराड ते लोटे आणि कराड ते न्हावा शेवा ही आमची नेहमीची वाट.

जुलैमधला प्रकार आधी सांगतो, त्याच्यामुळेच लिहायला बसलो.

लोट्याहून पावडरच्या गोण्या भरल्या, अठरा टन. चिपळुणात चहाला थांबलो तेव्हा युरियाचा पिवळा दिवा लागलेला होता. तसा तो आदल्या दिवसापासूनच होता, पण युरियाच्या टाकीचा काटा अर्ध्याच्या वर, म्हणून मी मनावर घेतलं नाही. पोफळी सोडून घाट चढायला लागलो तेव्हा अंधार पडला होता आणि पाऊस असा की वायपरला उसंत नाही. तिसऱ्या की चौथ्या वळणाला गाडीनं दम सोडला. ॲक्सिलरेटर तळाला दाबलेला आणि इंजिन ऐकेना. गिअर पाडत पाडत पहिल्यावर आलो. मागं एसटी, तिच्या मागं आणखी चार-पाच गाड्यांचे दिवे. एका अंगाला कातळावरून पाण्याचे लोट, दुसऱ्या अंगाला दरी, आणि बाजू देण्याइतकी जागा कुठंच नाही. हेळवाकला पोचून कडेला घेतली तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजले होते. मोबाइलला रेंज नाही. सकाळी गाडी चालू केली तर ती ताशी २० च्या वर जाईना. हेळवाक ते कराड, साठेक किलोमीटर, आम्ही भरल्या गाडीनं वीसनं आलो. सायकलवाली शाळेची पोरं शर्यत लावत होती.

हे कशानं होतं ते ज्यांनी अजून बीएस-६ चालवलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. सायलेन्सरमध्ये धुरावर युरियाचं पाणी फवारलं जातं, त्यानं धुरातला नायट्रोजन ऑक्साइड कमी होतो. टाकी रिकामी झाली, युरिया हलका निघाला किंवा सेन्सरचं माप जुळलं नाही, की कॉम्प्युटर आधी दिवा लावतो, मग इंजिनाची पाव ताकद कापतो, आणि तरीही दुरुस्ती झाली नाही तर वेग २० वर बांधून टाकतो. हे कुठल्या एका कंपनीच्या मनाचं नाही, नियमच तसा आहे. धूर कमी झाला पाहिजे हे मला मान्य आहे. आमच्याच पोराबाळांच्या नाकात तो जातो. पण भरल्या गाडीची ताकद घाटात, पावसात, अंधारात कापायची हे मला आजही पटत नाही. निदान चढ संपेपर्यंत तरी थांबावं.

त्या रात्री मला सारखी जुनी गाडी आठवत होती. २०१६ साली याच घाटात तिच्या डिझेल लाइननं हवा धरली होती. सतरा नंबरचा पाना घेतला, नट सैल केला, हातपंप दाबत राहिलो. आधी नुसता फेस आला, मग फेसात डिझेल, मग बुडबुडे थांबले आणि धार सरळ लागली. नट आवळला, सेल्फ मारला, गाडी चालू. वीस मिनिटं गेली आणि हात डिझेलनं भरले, बाकी खर्च काही नाही. नव्या गाडीत दोष काय आहे हेच मला कळायचा मार्ग नाही. लॅपटॉपवाला येईपर्यंत मालकानं दिवा बघत बसायचं.

वर्कशॉपमध्ये लॅपटॉप लावला, दोषाचा कोड निघाला आणि निदान झालं: नॉक्स सेन्सर, म्हणजे धुरातला नायट्रोजन ऑक्साइड मोजणारा, गेला. गाडीला तीन महिने झालेले, म्हणजे वॉरंटीत बसायला हवं. तिथं सुपरवायझरनं विचारलं, "दादा, युरिया कुठला टाकता?" मी खरं ते सांगितलं. कायम सीलबंद बादली घेतो, पावत्या ठेवतो, पण जूनमध्ये एकदा रस्त्याकडेच्या ड्रमातला सुट्टा वीस लिटर घेतला होता, लिटरमागं वीस रुपये वाचले म्हणून. बस्स, तेवढं वाक्य त्यांनी धरलं. भेसळीच्या युरियामुळे सेन्सर गेला, वॉरंटी बसत नाही. बिल ३१ हजार ४००, त्यात मजुरी साडेतीन हजार.

मी गप्प बसलो नाही. हजार-बाराशेचा रिफ्रॅक्टोमीटर विकत आणला. दुर्बिणीसारखी छोटी नळी असते, काचेवर थेंब टाकायचा आणि उजेडाकडं धरून बघायचं. चांगल्या युरियात ३२.५ टक्के युरिया आणि बाकी शुद्ध केलेलं पाणी असतं. माझ्या टाकीतला थेंब त्यांच्यासमोर टाकला, रेघ बरोबर ३२.५ वर. ते म्हणाले आत्ताचा बरोबर असेल, तेव्हाचा नव्हता. याच्यावर मी काय बोलणार? माल उतरवायचा होता, पार्टीचे फोन चालू होते. पैसे भरले आणि गाडी सोडवली.

इथपर्यंतचं गणपतीत लिहून ठेवलं होतं. त्याच्या पुढं तेव्हा असं लिहिलं होतं की नवी गाडी विकणार आणि जुनी पंपाची चांगली बांधून घेणार. बीएस-४ च्या वेळी अशोक लेलँडनं जड गाड्यांना युरिया न लावता, पंप ठेवून ईजीआरवर, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात फिरवून, भागवलं होतं. तशा २०१७ ते २०२० मधल्या दोन गाड्या मी बघूनही आलो होतो. ते वाक्य आता खोडतोय. का खोडतोय ते सांगतो.

सप्टेंबरमध्ये दिवा पुन्हा लागला आणि आपोआप गेला. नवाकोरा सेन्सर असताना. खंडेनवमीला पूजेसाठी गाडी दारात धूत होतो, पुतण्या खालून पाइपनं पाणी मारत होता, चावी लावलेली होती आणि टेप चालू होता. मी केबिन पुसत होतो तर समोरच दिवा लागला. गाडी जागची हललेली नाही, इंजिन बंद. मी ओरडलो, "पाणी थांबव, कुठं मारत होतास तिथंच हात ठेव!" तो युरियाच्या टाकीमागं होता.

मलकापुरात एक वायरमन आहे, ट्रॅक्टरपासून क्रेनपर्यंत सगळ्यांचं वायरिंग करतो. दसरा झाल्यावर त्याच्याकडं नेली. तो खाली शिरला आणि दहा मिनिटांत मला आत बोलावलं. टाकीमागं वायरिंगचा जुडगा चेसिसच्या आडव्या पट्टीवरून जातो. तिथं त्याला धरायला प्लॅस्टिकची क्लिप आहे, ती तुटलेली. जुडगा सुटून एका बोल्टच्या डोक्यावर घासत होता. वरची नळी फाटलेली, आतल्या एका वायरीची साल गेलेली आणि तांबं हिरवं पडलेलं. पाणी लागलं की सेन्सरचं माप चुकायचं, वाळलं की सगळं ठीक. जुलैत सेन्सर बदलताना जुडगा जरा हलला असणार, म्हणून महिनाभर बरं चाललं. वायरमननं ती वायर कापून जोडली, नवी नळी चढवली, क्लिपच्या जागी दोन टाय आवळले आणि बोल्टाच्या डोक्यावर रबर बसवलं. चारशे रुपये घेतले. त्यानंतर आजपर्यंत दिवा लागलेला नाही.

क्लिप किती रुपयांची असेल? पाच? सात? चाळीस लाखांच्या घरातल्या गाडीत, जिथं खालून दगड उडतात आणि चिखल बसतो तिथं, गाडीची अख्खी ताकद ज्या वायरीवर अवलंबून आहे ती एका पाच रुपयांच्या क्लिपवर सोडली आहे. इतके महिने झाले तरी हे माझ्या डोक्यातून जात नाही. इंजिन उत्तम, गिअरबॉक्स उत्तम, आणि क्लिप असली. आणि वर्कशॉपचा राग याचा की कोडनं सेन्सरचं नाव घेतलं म्हणून सेन्सर बदलला, खाली वाकून कोणी वायर बघितली नाही. कापलेला वायरीचा तुकडा आणि फोटो घेऊन मी परत गेलो. मजुरीचे साडेतीन हजार परत मिळाले. सेन्सरच्या पैशांसाठी लेखी अर्ज दिलाय, पोच घेतलीय, पाठपुरावा चालू आहे.

दोष युरियाचा नव्हता हे कळल्यावर मी गाडीकडं पुन्हा नीट बघायला लागलो. आधी हिशेब. महिन्याला सात हजार किलोमीटर होतात. जुनी भरलेली-रिकामी मिळून लिटरला ३.६ देते, नवी ४.३, तेही अडीच टन जास्त माल घेऊन. म्हणजे महिन्याला तीनशे लिटरवर डिझेल वाचतं. ९१ रुपये भाव धरला तर २८ हजार. युरिया डिझेलच्या पाच टक्के लागतो, ऐंशीएक लिटर, त्याचे साडेचार हजार वजा करा. बादलीऐवजी पंपावरच्या मशीनमधून घेतला तर आणखी थोडे वाचतात. सुट्टा ड्रमातला मात्र आता फुकट दिला तरी घेणार नाही. काहीजण खताचा युरिया पाण्यात ढवळून टाकतात, त्यांना हात जोडून सांगतो, करू नका. खताच्या युरियाला कडुनिंबाच्या तेलाचा थर असतो, नळीत आणि नोझलमध्ये पांढरे खडे धरतात आणि मग खरोखरच वॉरंटी जाते. हप्ता ६३ हजार आहे, वाचलेल्या डिझेलनं त्याचा तिसरा हिस्सा निघतो. बाकीचा जादा मालाच्या भाड्यातून आणि घाम गाळून.

मग शरीर. जुन्या गाडीत इंजिन केबिनमध्ये मांडीला लागून. मे महिन्यात चिपळुणात माल उतरेपर्यंत डावा पाय भाजून निघायचा, रात्री झोपायला गाडीखाली चटई टाकायची. क्लच असा जड की न्हावा शेवाच्या रांगेत दोन दिवस घालवले की गुडघा सुजायचा. नवीत सीट हवेवर डोलते, स्टेअरिंग एका हातानं फिरतं, क्लच कारसारखा. माझी कंबर दहा वर्षं दुखत होती, ती आता फक्त पावसाळ्यात दुखते. एसीचे पैसे वाचवायला मी एसीशिवायची घेतली, ती चूक झाली. त्यानंतर लवकरच नव्या ट्रकना एसी सक्तीचा झाला, आता विकताना माझ्या गाडीला भाव कमी येणार. पुतण्या सत्तावीस वर्षांचा आहे. जुन्या गाडीवर तो चार महिने बसला आणि पुण्याला कंपनीत लागतो म्हणाला होता. नवी आल्यावर राहिला. हे मी कुठल्या रकान्यात लिहू? पण माझ्यासाठी ॲव्हरेजपेक्षा ते मोठं आहे.

ब्रेकचंही सांगितलं पाहिजे. ओल्या घाटात जुनी रिकामी उतरताना ब्रेक मारला की मागून बाजूला सरकायची, तेव्हा काळजात धस्स व्हायचं. नवीला एबीएस आहे, ब्रेक मारला तरी चाकं जाम होत नाहीत. नोव्हेंबरमध्ये हेळवाकच्या अलीकडं गवा आडवा आला, पुतण्यानं पूर्ण पाय दाबला, गाडी थरथरत सरळ रेषेत थांबली. मी शेजारी झोपेत होतो, जागा झालो तेव्हा गवा काचेत बघत होता.

नवीनं जे होत नाही तेही लिहितो. उसाला ती मी आता लावत नाही. सायलेन्सरमधली जाळी काजळीनं भरली की गाडी स्वतः ती जाळून साफ करते, तेव्हा आतली उष्णता सहाशे अंशांच्या आसपास जाते. फडात खाली वाळलेलं पाचट असतं. तिथं उभी असताना हे चालू झालं तर गाडीही जाईल आणि शेतकऱ्याचा ऊसही. एकदा कारखान्याच्या रांगेत गव्हाणीपाशी जाळी साफ करायचा दिवा लागला आणि पुतण्या ते चालू करायचं बटण दाबायला निघाला होता, मी हात धरला. गाडी बाहेर डांबरावर मोकळ्या जागी नेली, चाळीस मिनिटं उभी केली, मग परत रांगेत. म्हणून हंगामात फडात जुनीच जाते. वीस किलोमीटरच्या खेपा, घराजवळचं काम, बिघडली तर सतरा नंबरचा पाना आहेच. लांबच्या भाड्याला आता तिचा उपयोग उरला नाही. १ नोव्हेंबर २०२५ पासून दिल्लीत बाहेरच्या पासिंगच्या, बीएस-४ च्या खालच्या मालवाहू गाड्यांना प्रवेश बंद झाला आहे, जुनी त्यातलीच. डाळिंबाचं दिल्लीच्या आझादपूर बाजाराचं भाडं चालून आलं होतं, ते नवीलाच मिळालं.

कंपनीकडं माझं एकच मागणं आहे. कोड लॅपटॉपवर दिसतो तसा तो पूर्ण, मराठीत किंवा हिंदीत, समोरच्या पडद्यावर दाखवा, आणि वायरिंग कुठून कुठं जातं त्याचा नकाशा गाडीबरोबर द्या. पाना धरायची आमची तयारी आहे.

ज्यांची नवी दहा किंवा बारा टायर असेल त्यांनी रविवारी एवढं करा. युरियाची टाकी ज्या बाजूला असेल तिच्या मागं, चेसिसच्या पहिल्या आडव्या पट्टीवर हात घाला. जुडगा बोटानं हलवून बघा. हलला तर क्लिप गेली. जवळ बोल्टाचं डोकं असेल तर त्याच्यावर जुन्या ट्यूबचा तुकडा कापून बसवा आणि वर दोन टाय आवळा, फार घट्ट नको, वायर दबते. मी दर महिन्याला बघतो. परवा पाहिलं तर एक टाय पुन्हा सैल झाला होता.