सॉमचा पहिला दिवस, २४ फुटांच्या चित्रात

चित्रकथांतून पत्रकारिता करणारे जो सॅको यांचे ‘द ग्रेट वॉर’ (२०१३) हे पुस्तक पानोपानी वाचायचे नसून उलगडायचे आहे. १ जुलै १९१६ हा पहिल्या महायुद्धातील, फ्रान्समधल्या सॉमच्या लढाईचा पहिला दिवस त्यांनी एका सलग कृष्णधवल रेखाचित्रात मांडला असून, घडीची ही पट्टी पूर्ण पसरली की २४ फूट भरते. तिच्यात चौकटी नाहीत, संवाद नाहीत. काळ डावीकडून उजवीकडे सरकतो. फ्रान्समधील बायो या गावचे लांबलचक पट्टीवरील मध्ययुगीन भरतकाम सॅको यांनी आदर्श म्हणून समोर ठेवले होते आणि अंतर व आकार यांचे प्रमाण त्यांनी त्याच धर्तीवर सैल सोडले आहे.

चित्र सुरू होते ते ब्रिटिश सेनापती जनरल हेग यांच्या शांत, नीटनेटक्या मुख्यालयापासून. पुढे घोडे, रसद, तोफगोळ्यांचे ढीग आणि आघाडीकडे निघालेल्या शिपायांच्या रांगा इतक्या दाट होत जातात की डोळा कुठे टेकवावा हे कळत नाही. ही दाटी हेच या पुस्तकाचे खरे बळ आहे. हल्ल्यापूर्वी आठवडाभर सुमारे १५ लाख तोफगोळे डागूनही जर्मन काटेरी तारा बऱ्याच ठिकाणी शाबूत राहिल्या आणि खोल भुयारांत बसलेले मशीनगनवाले वाचले. त्या एका दिवसात ब्रिटिश सैन्याचे ५७,४७० लोक जायबंदी, बेपत्ता वा ठार झाले, त्यांपैकी १९,२४० मृत्युमुखी पडले. सकाळी साडेसातला शिपाई खंदकाबाहेर पडतात, तिथून पुढच्या घड्यांत स्फोटांनी उडालेली माती आणि माणसे एकाच बारीक रेघेने काढलेली आहेत, त्यामुळे त्यांना वेगळे करून पाहण्यासाठी अक्षरशः वाकावे लागते.

उणिवाही आहेत. चित्र ब्रिटिश बाजूनेच पाहिलेले असल्याने पलीकडचा खंदक जवळजवळ अदृश्य राहतो. मेजावर दोन-तीन घड्यांपलीकडे काही मावत नाही, आणि वाचनालयाने प्रत घेतलीच तर घड्यांच्या कडा किती टिकतील याची शंका वाटते. शिवाय हा एका आघाडीचा एकच दिवस आहे. त्याच वर्षी २९ एप्रिलला मेसोपोटेमियातील (आजचा इराक) कूत येथे मराठा पलटणींसह ब्रिटिश भारतीय सैन्याच्या ६ व्या पूना डिव्हिजनने तुर्कांपुढे शरणागती पत्करली. तशा घटनांची आणि एकूण युद्धाच्या क्रमाची माहिती हवी असेल, तर नकाशे असलेला एखादा जाडजूड ग्रंथ जवळ हवाच.

सोबतच्या पुस्तिकेत इतिहासलेखक अ‍ॅडम होकशिल्ड यांचा लेख आणि सॅको यांची प्रत्येक चित्रभागावरील टिपणे आहेत. ती इंग्रजीत असली तरी मुख्य चित्राला भाषेची गरज नसल्याने घरातील इंग्रजी न वाचणाऱ्यांपुढेही ते निःसंकोच ठेवता येते. लहान मुलांपुढे मात्र नको, कारण जखमी आणि मृत यांचे चित्रण करताना सॅको यांनी हात आखडता घेतलेला नाही. आधी चित्र पाहावे आणि मगच टिपणे उघडावीत.