गॅरेजातला फ्रीझर, बिअर आणि एक सैल सुटलेला सेन्सर: आठ महिन्यांचा अनुभव

जानेवारीतल्या एका रात्रीत, घरी फ्रीझरमध्ये आंबवत ठेवलेली माझी वीस लिटर बिअर वाया गेली. फ्रीझर व्यवस्थित चालू होता, कंट्रोलरही नेमून दिलेले काम करत होता. निघाली होती ती फक्त सेन्सरवरची चिकटपट्टी. म्हणून या अनुभवात सेन्सरविषयी सर्वांत जास्त लिहिणार आहे.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. येथे गॅरेज उन्हाळ्यात तिशीच्या पुढे जाते आणि हिवाळ्यात गोठणबिंदूजवळ येते. त्यामुळे सप्टेंबरात घर बदलणाऱ्या एका शेजाऱ्याकडून सात घनफुटांचा, वरून झाकण उघडणारा जुना फ्रीझर साठ डॉलरला घेतला, त्याला दोन सॉकेटचा तापमान कंट्रोलर लावला आणि आंबवण्याच्या भांड्याभोवती तीस वॉटचा तापपट्टा गुंडाळला. गारवा हवा असेल तेव्हा फ्रीझर सुरू होतो, ऊब हवी असेल तेव्हा पट्टा. त्याआधी मी भांडे पाण्याच्या टबात ठेवून सकाळ-संध्याकाळ बर्फाच्या बाटल्या बदलत असे. तो व्याप पहिल्याच दिवशी संपला.

पहिल्या दोन खेपांना मी सेन्सर आतल्या हवेत लोंबकळत ठेवला होता आणि ते बरोबर आहे असे माझे ठाम मत होते, कारण पडद्यावरचा आकडा 18.5 वरून हलत नव्हता. पण यीस्ट साखर खाताना स्वतः उष्णता निर्माण करते आणि पहिल्या दोन-तीन दिवसांत भांड्यातला द्रव भोवतालच्या हवेपेक्षा तीन-चार अंशांनी सहज गरम होतो. म्हणजे कंट्रोलर 18.5 दाखवत असताना बिअर 22 च्या आसपास आंबत होती, आणि दोन्ही खेपांना पिकल्या केळ्यासारखा जो वास आला त्याचा दोष मी उगाचच यीस्टच्या पाकिटाला देत राहिलो.

तिसऱ्या खेपेपासून सेन्सर भांड्याच्या बाजूला, द्रवाच्या पातळीखाली, फोमच्या जाड तुकड्याखाली दाबून चिकटपट्टीने बसवला. फरक तत्काळ जाणवला. फिकट एल (उबेत लवकर आंबणारी बिअर) इतकी स्वच्छ लागली की माझे आधीचे मत मी त्याच दिवशी सोडून दिले. मात्र द्रव हळूहळू थंड होतो आणि तोवर फ्रीझर भिंती बर्फासारख्या गार करून ठेवतो, त्यामुळे बंद झाल्यावरही तापमान खाली घसरत राहते. कंट्रोलरमध्ये अर्ध्या अंशाची मुभा आणि कॉम्प्रेसर पुन्हा सुरू होण्यास दहा मिनिटांचा विलंब ठेवल्यावर ही घसरण आटोक्यात आली.

आता मूळ दोषाकडे. फ्रीझरच्या भिंतींमध्ये शीतकाच्या नळ्या असतात, म्हणून भोक पाडून वायर आत नेण्याची हिंमत मी केली नाही. सेन्सरची आणि तापपट्ट्याची वायर झाकणाच्या रबराखालून नेली. तेथे सुतळीएवढी फट राहते. त्या फटीतून दमट हवा आत येते. उणे अठरा अंशांवर हीच वाफ हिम होऊन भिंतीला चिकटून राहिली असती, पण अठरा अंशांवर भिंतींना घाम सुटतो, ओघळ तळाशी साचतात आणि कोपऱ्यांत काळी बुरशी धरते. याच ओलाव्याने पट्टीचा चिकटपणा गेला, सेन्सर तळाच्या गार पाण्यात पडला, कंट्रोलरला 9 अंश दिसले आणि त्याने रात्रभर तापपट्टा चालू ठेवला. सकाळी भांड्यावरची कागदी तापमानपट्टी 28 दाखवत होती. ती बिअर तीन आठवड्यांनी चाखली तेव्हा रंगाच्या थिनरसारखा उग्र वास नाकात गेला, आणि सगळी ओतून द्यावी लागली.

पाण्यात पडलेला सेन्सर त्यानंतर सहा अंश चुकीचे सांगू लागला. खोक्यावर तो जलरोधक असल्याचे छापलेले होते, तरी पाण्याने झालेले नुकसान वॉरंटीत येत नाही, असे उत्तर कंपनीने तीन आठवड्यांच्या पत्रव्यवहारानंतर दिले. वायर कंट्रोलरला कायमची जोडलेली असल्यामुळे नुसता सेन्सर बदलता येत नाही. पस्तीस डॉलरचा संपूर्ण नवा कंट्रोलर घ्यावा लागला, आणि याचा राग अजून गेलेला नाही. ज्यांना घ्यायचा आहे त्यांनी सुटा सेन्सर जोडता येणाराच घ्यावा.

नवीन सेन्सर मी प्रथम चुऱ्याच्या बर्फाच्या पाण्यात बुडवून पाहिला. त्याने 0.9 दाखवले, म्हणून तेवढी वजावट नोंदवून ठेवली. आता तो भांड्याच्या झाकणातून द्रवात उतरलेल्या, खालून बंद असलेल्या स्टीलच्या बारीक नळीत असतो आणि वायर वर दोरीने बांधलेली असते. फटीत फोम भरला आहे, आत ओलावा शोषणाऱ्या खड्यांचा डबा आणि संगणकातला एक लहान पंखा ठेवला आहे. बुरशी पुन्हा आलेली नाही.

या व्यवस्थेचे खरे सुख मला मार्चमध्ये लागरने, म्हणजे थंडाव्यात सावकाश आंबवायच्या बिअरने, दिले. बव्हेरियात 1553 च्या आदेशाने 23 एप्रिल ते 29 सप्टेंबर बिअर बनवण्यास बंदी होती, कारण उन्हाळ्यात ती हमखास बिघडत असे. ती अडचण मला गॅरेजात कळली होती. 11 अंशांवर दोन आठवडे, मग लोण्यासारखा वास जावा म्हणून तीन दिवस 17 अंश, आणि त्यानंतर 1.5 अंशांवर पाच आठवडे. ग्लासात ओतली तेव्हा पलीकडची खिडकी आरपार दिसत होती. इतकी नितळ बिअर माझ्या हातून पूर्वी कधी झाली नव्हती.

दोन गोष्टी सुधारता येणार नाहीत. भरलेले भांडे तेवीस किलोंचे होते आणि ते उंच कडेवरून आत उतरवताना कंबर धरते. पाठीचा त्रास असणाऱ्यांनी पुढे दार असलेला उभा फ्रिज पाहावा. शिवाय आंबवताना निघणारा कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असल्यामुळे या खोल पेटीत साचून राहतो. मी झाकण उघडून काही मिनिटे थांबतो आणि डोके आत घालण्यापूर्वी पंखा पूर्ण वेगाने चालवतो.

दुसरी लागर सध्या आत आहे. आज सकाळी आकडा 11.2 होता, आणि नळीतला सेन्सर जागेवर असल्याचे मी वायर ओढून पाहिले.