बेघर निवारा केंद्र, कोल्हापूर : ४/५, देणगी देणार असाल तर आधी वाचा

नाव मुद्दाम टाकत नाही, लोक लगेच फोटो काढायला जातात. जागा सरकारची, चालवते संस्था. खाटा बऱ्या, बायकांची खोली वेगळी, संडास-बाथरूम खरंच स्वच्छ आणि रात्रपाळीचा काळजीवाहक जागा असतो हे विशेष.

एसटी स्टँड, अंबाबाईच्या देवळाजवळ, सीपीआर या सरकारी दवाखान्याच्या बाहेर झोपलेल्यांना समजावून आणतात. आणणं सोपं हो, पुढचं अवघड. कुणाचं आधार कार्ड नाही म्हणून रेशन नाही, पेन्शन नाही, कुणाची दारू सुटत नाही, कुणाला घरचे दारात उभं करत नाहीत, अशा एकेका माणसामागं महिनोन् महिने पळायला पगारी माणूस लागतो आणि नेमका तिथंच पैसा आटतो.

सुप्रीम कोर्टानं २०१० लाच सांगितलंय, लाख लोकसंख्येमागं एक निवारा, तोही बारा महिने चोवीस तास. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर साडेपाच लाखाच्या आसपास, हिशोब तुम्हीच करा. केंद्र सरकारच्या नागरी उपजीविका अभियानातनं इमारत झाली, चालवायचा खर्च मात्र पाच वर्षांपुरता. आता पाच वर्षांनी माणसं बेघर व्हायची थांबतात काय?

एक स्टार कापलाय तो आपल्यासारख्या देणगीदारांचा. वाढदिवस, श्राद्ध, जयंती, एकाच रविवारी तीन पार्ट्या जेवण घेऊन हजर, थंडीत ब्लँकेटं ठेवायला जागा नाही. तिथल्या मॅनेजरताईंना काय पाहिजे विचारलं तर म्हणाल्या, "दादा, समुपदेशकाचा वर्षाचा पगार कोण देतंय का बघा." पण पगारावर पाटी लावता येत नाही ना! देणग्या देणाऱ्या ट्रस्टवाल्यांनी सरकारी अनुदान येईपर्यंतचे पगार उचलले, ते आलं की तोच पैसा बाहेर पडणाऱ्यांच्या भाड्याच्या खोलीच्या डिपॉझिटला फिरवला, तर किती काम होईल. मोठ्या कंपन्यांना नफ्यातले २ टक्के सीएसआरवर, म्हणजे समाजाच्या कामावर, कायद्यानंच घालवायचे असतात, शिरोली-गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतल्या या नियमात बसणाऱ्या कंपन्यांनी बघा की जरा.

आणि आपल्याला हे काय नवीन आहे व्हय? शाहू महाराजांच्या काळातली बोर्डिंगं, म्हणजे शिकणाऱ्या पोरांची वसतिगृहं, बघा. १९०१ पासून एकेक उभी राहिली, दरबारानं जागा-मदत दिली, समाजानं वर्गणी काढून चालवली, पोरं शिकली.

जाणार असाल तर आधी फोन करा, फाटके कपडे नेऊ नका. जेवणच द्यायचं असेल तर सोमवार-मंगळवार घ्या, रविवार कायम फुल असतोय.