दोन फटींचा लेसर संच: लहरी दाखवायला उत्तम, माहितीपत्रकात मात्र मोठी चूक

प्रकाश लहरींसारखा वागतो हे लोकांना डोळ्यांनी दाखवायचं असेल, तर हा संच जरूर घ्यावा. ६५० नॅनोमीटरचा लाल लेसर, तो बसवायचा स्टँड आणि फटींच्या वेगवेगळ्या जोड्या असलेली काचपट्टी, एवढंच सामान आहे.

०.२५ मिलिमीटर अंतरावरची, ०.०५ मिलिमीटर रुंद फटींची जोडी सगळ्यात कामाची. पडदा २ मीटरवर ठेवला की उजळ पट्टे ५.२ मिलिमीटरच्या अंतराने पडतात. १ मीटरवर हेच अंतर निम्मं होतं आणि मागे बसलेल्यांना नुसती लाल रेघ दिसते. मधल्या पट्ट्यापासून दोन्हीकडे मोजत गेलं की पाचवा पट्टा गायब असतो. हा संचाचा दोष नाही. एकट्या फटीच्या उजेडातही काळ्या जागा असतात, त्यातली पहिली नेमकी तिथेच पडते.

खरी मजा शेजारच्या तेवढ्याच रुंदीच्या एकेरी फटीत आहे. पट्टी हळूच सरकवली की बारीक पट्टे विरतात आणि एकसलग रुंद उजेड उरतो. दोन फटींच्या वेळी मधला पट्टा एका फटीच्या दुप्पट नाही, चौपट उजळतो. आणि एका फटीने जिथे उजेड होता, तिथे दुसरी उघडल्यावर काळोख होतो. इथे जरा थांबा, लोकांना पुन्हा पुन्हा पाहू द्या.

अडचणीही आहेत. लेसरचं बटण सतत दाबून धरावं लागतं, हात हलला की पट्टे नाचतात. कपडे वाळत घालायचा चिमटा लावावा. पट्टीवर बोटांचे ठसे उमटले तर पट्टे गढूळ दिसतात. काचेवरून उलटा फिरणारा किरण कोणाच्या डोळ्यांत जाऊ नये, म्हणून पट्टी किंचित कलती ठेवून तो टेबलावर पाडावा. स्टँडला ही सोय हवी होती.

माहितीपत्रक मात्र सरळ चुकतं. ‘एकेका फोटॉनचं वर्तन पाहा’ असं त्यात छापलंय. फोटॉन म्हणजे प्रकाशाचा एक कण. १ मिलिवॉटचा हा लेसर सेकंदाला सुमारे ३ × १०^१५ फोटॉन सोडतो. २ मीटरच्या वाटेवर कोणत्याही क्षणी दोनेक कोटी फोटॉन असतात. इथे दिसतं ते लहरींचं व्यतिकरण, म्हणजे लहरी एकमेकींत मिसळून कुठे वाढणं, कुठे पुसलं जाणं, आणि ते समजावायला प्रकाश कणांचा मानणाऱ्या क्वांटम सिद्धांताची गरजच पडत नाही. प्रकाश खरोखर मंद करायचा म्हणजे काय, ते ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ जी. आय. टेलर यांच्या १९०९ च्या प्रयोगात दिसतं. काजळी धरलेल्या काचांतून त्यांनी ज्योतीचा उजेड इतका कमी केला की सगळ्यात लांबलेलं छायाचित्र सुमारे तीन महिने चाललं, तरी सुईच्या सावलीभोवतीचे पट्टे तसेच स्पष्ट उमटले.

उत्पादकांनी ते पान काढून केस मोजायची कृती द्यावी. फटींच्या जागी एक केस उभा ताणून चिकटवायचा, पडदा २ मीटरवर ठेवायचा आणि एकाच बाजूच्या लागोपाठच्या दोन काळ्या पट्ट्यांमधलं अंतर मोजायचं. ते १८.५ मिलिमीटर भरलं, तर केस साधारण ०.०७ मिलिमीटर जाड. केस जितका बारीक, तितके पट्टे लांब लांब.