फुग्यात हायड्रोजन की हेलियम?

उचलण्याच्या ताकदीत दोघांत फार अंतर नाही. हायड्रोजनचा रेणू हेलियमच्या अणूपेक्षा निम्म्या वजनाचा, पण उचल ठरते ती बाहेरच्या हवेच्या वजनातून आतल्या वायूचे वजन वजा करून. एक घनमीटर हायड्रोजन साधारण 1.2 किलो उचलतो, हेलियम 1.1 किलो.

खरा फरक आगीचा. हवेत 4 ते 75 टक्के हायड्रोजन मिसळला की एक ठिणगी पुरते. 6 मे 1937 रोजी ‘हिंडेनबर्ग’ हे हायड्रोजन भरलेले हवाई जहाज अमेरिकेत पेटले, 36 जीव गेले. जत्रेतले काही फुगेवाले कॉस्टिक सोडा आणि ॲल्युमिनियमचे तुकडे वापरून जुन्या सिलिंडरमध्येच हायड्रोजन तयार करतात. तो सिलिंडरच फुटू शकतो. केकवरच्या मेणबत्त्यांशेजारी असे फुगे मला अजिबात नकोत.

हेलियम जळत नाही. मात्र तो महाग, भारतात बहुतांशी आयात होणारा, आणि रबरी फुग्यातून दिवसाभरात झिरपून जातो. हवामान खात्याच्या फुग्यांना हायड्रोजन चालतो, कारण तिथे प्रशिक्षित माणसे तो भरतात. वाढदिवसाला हेलियमच घ्या. परवडत नसेल तर तोंडाने फुगवून दोऱ्याला टांगा.