‘डिटॉक्स’ म्हणे! उन्हाची ॲलर्जी आणि गळ्यात मारलेला दुसरा डबा

पुरळ उठल्यावर कुणी "शरीरातली घाण बाहेर पडतेय" असं सांगितलं, तर समजा, आता दुसरा डबा गळ्यात मारणार. आमच्या सोसायटीत ‘वेलनेस’च्या गोळ्या विकणाऱ्या ताईंनी माझ्या बाबतीत नेमकं हेच केलं. थकवा, केस गळणं, चेहऱ्यावरचे डाग, सगळ्यावर एकच व्हिटॅमिनची कॅप्सूल. डबा ४,२०० रुपयांचा, बिल म्हणून वहीतला चिटोरा.

एप्रिलचं नाशिकचं ऊन आणि रोज स्कूटरवरून ऑफिस. हातांवर, मानेवर, ड्रेसच्या गळ्यापुरतं लालभडक पुरळ आलं. खाजेने रात्रीची झोप उडाली. ताई म्हणाल्या, "अगं, गुण येतोय! आता मध्येच सोडू नकोस." वर ‘शुद्धीकरणा’ची पावडर, २,८०० रुपये.

त्वचारोगतज्ज्ञांनी आधी घड्याळ काढायला लावलं. पट्ट्याखालची कातडी कोरी, हनुवटीखालीही काही नाही, म्हणजे ऊन पोचत नाही तिथे पुरळही नाही. लगेच प्रश्न: "गोळ्या कोणत्या चालू आहेत?" डबा उलटा करून बारीक अक्षरं वाचली, तर व्हिटॅमिन बी६ १०० मिलिग्रॅम. रोजची गरज दोनेक मिलिग्रॅमची, ती आपल्या साध्या जेवणातून भागते. बी६ने उन्हाची ॲलर्जी क्वचित होते, पण होते. कातडीत पोचलेल्या औषधावर अतिनील किरण पडले की त्याचं रूप बदलतं आणि शरीर त्याला परकं समजून उलटतं. यातले यूव्हीए किरण खिडकीच्या काचेतूनही येतात, म्हणजे घरात बसूनही पूर्ण सुटका नाही. इतकं बी६ महिनोन्‌महिने घेतलं तर नसांना इजा होऊन हातपाय बधिर होऊ शकतात, ते वेगळंच.

कॅप्सूल बंद केली, मलम लावलं, पुरळ ओसरलं. काळपट डाग मात्र मागे राहिलेत. (डाग घालवायलाच तर घेतली होती!)

पैसे मागितले तर "उघडलेला डबा परत होत नाही, तुझीच स्किन सेन्सिटिव्ह." २०२१च्या थेट विक्रीच्या (दुकानाशिवाय, घरोघरी माल विकण्याच्या) नियमांप्रमाणे विक्रेत्याकडे ओळखपत्र हवं आणि त्याने बिल द्यायला हवं. चिटोरा आणि यूपीआयची नोंद घेऊन १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली आहे. दुष्परिणाम १८००-१८०-३०२४ वर कळवता येतो, तोही कळवला. पावडरच्या डब्यावर तर घटकांची यादी नाही की एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) चौदा आकडी नंबर नाही. असा डबा तुमच्याकडे असेल तर रागाने कचऱ्यात टाकू नका, डॉक्टरांना आणि तक्रारीला तोच लागतो.